आक्काची लाकडाची माळ

आमच्या दुकानात किस्से साचतात, त्याला आम्ही काय करणार? धंदाच तसा आहे. खडेबाजाराला लागून जो बोळ आहे, तिथं आम्ही मंगळसूत्रं गाठवतो. पटवेकरी म्हणतात आम्हाला. सोनं गिऱ्हाइकाचं, मणी, दोरा आणि हात आमचे. आता स्वतःचं सोनं दुसऱ्याच्या हातात देऊन कोण भाजी आणायला जाईल? त्यामुळं गिऱ्हाईक समोरच्या गादीवर बसतं आणि शेवटची गाठ पडेपर्यंत हलत नाही. डोळे सोन्यावर आणि तोंड मोकळं! सासूपासून सोसायटीच्या इलेक्शनपर्यंत सगळं आम्हाला ऐकावं लागतं.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत साचलेले बरेचसे किस्से गिऱ्हाइकांचे नाहीत, माझ्या थोरल्या जावेचे आहेत. सुमनआक्का. माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी, बोलायला कमी आणि बोलली की समोरच्याला घाम फोडणारी. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ती गाठवायला बसली की बघणारा गप होतो. मी तीस वर्षं तिच्या शेजारी बसूनही मला तशी गाठ येत नाही, हे मी कुणालाही सांगते. मला त्याची लाज वाटत नाही, अभिमानच वाटतो.

*

थोरले गेले, म्हणजे आक्काचे मालक. समोरासमोर बसून दोघांनी अख्खा संसार केला. ते रेशीम पिळायचे, ही ओवायची. ते गेल्यावर दिवस-कार्य झालं आणि आक्का परत दुकानात येऊन आपल्या जागेवर बसली. त्याच दिवशी टिळकवाडीची एक बाई मुलीच्या लग्नाचं गाठवायला आली. तिनं आक्काचा मोकळा गळा बघितला आणि वाट्यांची डबी परत पर्समध्ये ठेवली.  कारण सांगायची गरजच नव्हती. नव्या नवरीचं मंगळसूत्र सवाष्णीच्या हातचं असावं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

आमचे मालक म्हणजे थोरल्यांचे धाकटे भाऊ. स्वभावानं देवमाणूस, पण गिऱ्हाईक उठलं की यांचा प्राण उठतो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या मधोमध पडदा लावला. पुढं मी बसायचं, मागं आक्कानं. मी फक्त गिऱ्हाइकाशी बोलायचं आणि काम पडद्याखालून आत सरकवायचं. मला इतका राग आला की त्या रात्री मी यांच्या ताटात आमटी वाढलीच नाही. आक्का मात्र पडद्यामागं जाऊन गाठवायला बसली.

पंधरा दिवसांनी एक वकीलीणबाई आल्या. काम झाल्यावर मंगळसूत्र गळ्यात घालून आरशात बघत म्हणाल्या, "काय सुरेख गाठ आहे हो! सवाष्णीचा हात लगेच कळतो."

पडद्यामागून आवाज आला, "हात जुनाच हाय वैनी. पडदा तेवढा नवीन हाय."

वकीलीणबाई पडदा बाजूला करून आत बघायला लागल्या. आमचे मालक तोवर चहा सांगायच्या निमित्तानं बोळाच्या टोकाला पोचले होते.

*

आक्काची लेक वैशाली इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिनं तिथल्या समुद्रकाठच्या एका गावातून, जुन्या वस्तूंच्या दुकानातून, काळ्या मण्यांचा एक सर घेतला आणि सुट्टीवर येणाऱ्या मैत्रिणीबरोबर आईला पाठवला. आपले काळे मणी काचेचे असतात, हातात घेतले की गार लागतात. हे मणी गार नव्हते. वजनाला तर इतके हलके की ओंजळीत आहेत का नाहीत ते कळेना. रंग मात्र असा काळा की आमच्या दुकानातले सगळे मणी त्याच्यापुढं राखाडी दिसायला लागले.

व्हिडिओ कॉलवर वैशालीनं सांगितलं की ह्याला जेट म्हणतात. त्या गावात पूर्वी ह्याचे दागिने करणाऱ्यांची रांगच होती. नवरा गेलेल्या बायका तिथं हे मुद्दाम घालायच्या. त्यांची एक राणीसुद्धा नवरा गेल्यावर मरेपर्यंत हेच घालत होती. तिचं बघून मग सगळ्या देशानं घातलं.

आक्कानं विचारलं, "म्हंजे नवरा गेल्यावर घालत्यात?"

"व्हय आई."

"आनि हितं काढून घेत्यात." आक्का बराच वेळ मणी हातात घोळवत राहिली. मग म्हणाली, "कुणाचंतरी एकाचं चुकलंय. ते आपलंच कशावरनं न्हाय?"

त्या दुपारी तिनं तो सर सोडवला आणि स्वतःसाठी दोन पदरी गाठवला. वाट्या घातल्या नाहीत, मधे सोन्याचा एक बारका मणी टाकला, थोरल्यांनी कधीतरी तिला दिलेला. गळ्यात घातला, पडदा बाजूला सारला आणि पुढं येऊन आपल्या जुन्या जागेवर बसली. आमचे मालक आ करून बघत राहिले. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की वैनी, एक जरी मोठं गिऱ्हाईक ह्याच्यापायी गेलं, तर मग तुम्हाला कायमचं आत बसावं लागेल. आक्कानं मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते यांना अजून समजलेलं नाही.

*

बोळाच्या तोंडाला नानाण्णांचं सराफी दुकान आहे. नानाण्णांना बोळातल्या प्रत्येक दागिन्याची चौकशी करायची असते, त्याशिवाय जेवण जात नाही. ते आले, आक्कानं काढून दिलेल्या माळेचे मणी दोन बोटांत धरले आणि हसले. म्हणाले, प्लास्टिक हाय. पोरीला फसवलं तिकडं गोऱ्यांनी.

आक्का म्हणाली, तपासून बघा. नानाण्णांनी सुई मागवली, तापवली आणि एका मण्याच्या भोकाच्या कडेला टेकवली. प्लास्टिक असतं तर डोळ्यात पाणी आणणारा वास आला असता. हा वास वेगळा होता, थंडीत बंबाखाली कोळसा पेटतो तसा. नानाण्णांचा चेहरा खुलला. सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोळसा! सुमनवैनी गळ्यात कोळसा घालून बसल्यात!"

आक्कानं मणी पुसून माळ परत गळ्यात घातली. "कोळसाच की. आनि तुमच्या काचंच्या कपाटात तो हिरा ठेवलाय, तो कशाचा हाय नानाण्णा?"

नानाण्णा सराफ आहेत, त्यामुळं त्यांना उत्तर माहीत होतं. तेच तर त्यांचं दुखणं झालं.

*

ह्या मण्यांचं खरं कूळ सांगितलं ते एका सरांनी. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. बायकोचं मंगळसूत्र तुटलं म्हणून तिच्याबरोबर आले आणि आमच्या पद्धतीप्रमाणं अडकून बसले. नजर आक्काच्या गळ्यावर गेली. आधी बायकोनं त्यांच्याकडं बघितलं. मग सरांनी घाईघाईनं खुलासा केला की मण्यांकडं बघतोय.

चहाच्या कपाचं बूड असतं ना, खालची खरखरीत कड, त्याच्यावर त्यांनी एक मणी हलकेच घासला. तपकिरी रेघ उमटली. सर खूश! म्हणाले, काच असती तर अशी रेघ आली नसती, हे अस्सल जेट आहे. मग भिंगातून बघत त्यांनी सगळी कथा सांगितली. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठलंतरी झाड पाण्यात पडलं, वाहत गेलं, तळाच्या चिखलात रुतलं. त्यावर थर चढत गेले. हवा मिळाली नाही म्हणून कुजलं नाही, वजनाखाली दाबलं गेलं आणि असं काळंभोर, चकचकीत होऊन बसलं. दगड म्हणतात, पण हा दगड नव्हेच.

"मग काय हाय?" आक्कानं विचारलं.

"लाकूड."

"लाकूड?"

"लाकूडच! झाडाचं खोड."

आक्कानं तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा तेच ऐकलं. सरांना वाटलं, बाईंना शास्त्राची फार गोडी दिसते. ते आणखी अर्धा तास बोलले. आक्का काही ऐकत नव्हती. तिला जो शब्द पाहिजे होता तो मिळाला होता. सरांच्या बायकोच्या गाठवण्याचे पैसे तिनं घेऊ दिले नाहीत.

*

पुढच्याच आठवड्यात कंग्राळीची आमची चुलतसासू आली. ती गाठवायला आली नव्हती, आक्काला झाडायला आली होती. भावकीत बोभाटा झाला होता. तिनं चप्पल काढायच्या आधीच तोंड सोडलं. नवरा गेलेल्या बाईनं काळं मणी घालायचं? घराण्याला काय म्हणतील लोकं?

आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "काकू, मनी न्हाईत ते. लाकडाची माळ हाय."

"तुळशीची?"

"तुळशीपरास लई जुन्या झाडाची."

काकूनं माळ हातात घेतली. गार नाही, जड नाही. ओठाला लावून बघितली, नाकाला लावून बघितली. स्वतःच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेशी ताडून बघितली. आता विधवेनं लाकडाची माळ घालायला तर कुणाच्या बापाची बंदी नाही! काकू पाणी प्याली, चहा प्याली आणि आक्काच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

काकू गप बसणारी नव्हतीच. तिनं कंग्राळीत जाऊन सांगितलं की आमची सुमन जगातल्या सगळ्यात जुन्या झाडाची माळ घालते, भारी पुण्याची असते. पंधरा दिवसांत तिथल्या तीन बायका दुकानात हजर. तिघी मोकळ्या गळ्याच्या. एक तर माझ्याहून लहान होती, नवरा ट्रॅक्टरवरून पडून गेलेला.  मग ती लहान हळूच म्हणाली, "आम्हालाबी तसली माळ पायजे. काळीच पायजे."

जेट आम्ही कुठून आणणार? आक्कानं शिसवीच्या लाकडाचे काळे मणी मागवले, बारीक, गोल. तिघींना दोन पदरी माळा गाठवून दिल्या, अगदी मंगळसूत्रासारख्या. आमचे मालक कपाळाला हात लावून बसले होते. कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं त्या लहान बाईनं जाताना विचारलं.

"सांगायचं, लाकूड हाय. हात लावून बघा म्हनायचं," आक्का म्हणाली. "हात लावाय कोन येतंय ते बघू."

*

एक छोटा किस्सा संकेश्वरचा. थंडीचे दिवस होते, नात्यात बारसं होतं. हळदीकुंकू सुरू झालं आणि घरच्या यजमानीणबाईनं आक्काला गोड आवाजात सांगितलं की तुम्ही मागच्या खोलीत आरामात बसा. मी उठून तिच्याबरोबर जायला लागले तर आक्कानं मलाच दटावलं. ती एकटी मागं गेली.

तिथं पोरंटोरं दंगा करत होती. आक्कानं गळ्यातली माळ काढली, अंगावरच्या लोकरीच्या शालीवर खसाखसा घासली आणि जमिनीवर पडलेल्या कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे टुणकन उडून मण्यांना चिकटले! हा जेटचा अंगचाच गुण आहे, सरांनी सांगितलं होतं. पोरं ओरडली. पोरं ओरडली म्हणून आया आल्या. आया आल्या म्हणून आज्या आल्या. पुढच्या खोलीत हळदीकुंकवाचं ताट, बाळ आणि पाळणा एवढंच राहिलं.

शेवटी यजमानीणबाई तणतणत आल्या, कुठं गेल्या सगळ्या म्हणून. पाच मिनिटांनी मी जाऊन बघते तर त्यासुद्धा मांडी घालून बसलेल्या आणि जुन्या लग्नपत्रिकेचे कपटे करून देत होत्या.

*

आता पद्माक्का.

निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारातलं मोठं जैन घर. तीन पिढ्या त्यांच्या घरातलं प्रत्येक मंगळसूत्र आमच्याकडं गाठवलेलं आहे. आणि पद्माक्का जिथं जाते तिथं निपाणी-चिकोडीकडची निम्मी गिऱ्हाइकं जातात. बाई करारी. आमच्याशी मराठी बोलते, पण रागावली की कन्नडवर जाते आणि मग थांबत नाही. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही, म्हणून नेहमी सकाळी येते, घड्याळाकडं बघत बसते आणि दिवस आहे तोवर घरी जेवायला पोचेल अशा बेतानं निघते. आमच्याकडं तोवर तिनं कधी उशीर केलेला नव्हता.

तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. नव्या सुनेचं मंगळसूत्र, शिवाय घरातल्या सगळ्या बायकांचं नव्यानं गाठवायचं. आमच्या मालकांनी आधल्या रात्री आक्काला हात जोडून सांगितलं, की वैनी, उद्या तेवढं सांभाळा. हे गिऱ्हाईक गेलं तर पडदा परत लावण्याशिवाय माझ्याकडं मार्ग नाही. या वेळी त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मला त्यांचाही राग आला आणि दयाही आली. पडदा त्यांनी फेकला नव्हता, घडी करून माळ्यावर ठेवला होता, हे आक्कालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पद्माक्काला यायलाच उशीर झाला. हायवेवर काहीतरी अडलं होतं. आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बरोबर होणारी सून, कॉम्प्युटर इंजिनियर पोरगी, गप्प आणि चुणचुणीत डोळ्यांची. पद्माक्का गादीवर बसली, वाट्यांची डबी मांडीवर घेतली, पण उघडली नाही. आक्काच्या गळ्याकडं बघत राहिली. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं.

आमच्या मालकांनी लगेच सुरू केलं. लाकडाची माळ आहे, कॉलेजच्या सरांनी तपासलीय, कंग्राळीच्या काकूंनीसुद्धा मान्य केलंय. पद्माक्कानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"सुमन," ती म्हणाली, "माझ्या जावा-नणंदा लई बोलाय लागल्यात. मला त्यांची तोंडं बंद कराय पायजेत. तू माझ्यासमोर एकदा म्हन, ही लाकडाची माळ हाय. मी डबी उघडतो, तुझ्याच हातात देतो."

बघा, किती सोपं होतं! एक शब्द. आक्कानं तो शब्द कंग्राळीत विकला होता, भावकीत विकला होता. आमच्या मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तर चहा सांगायला अर्धी उठलेसुद्धा.

आक्कानं पायाच्या अंगठ्यातून दोरा काढला. पाय पोटाशी घेतला आणि नीट मांडी घालून बसली.

"लाकूड हाय, हे खरं हाय," ती म्हणाली. "पन मी लाकूड म्हनून घातली न्हाय पद्माक्का. आमच्या ह्यांच्यासाठी घातलीया. माझं मंगळसूत्र हाय ते. लोकं गप बसावीत म्हनून मी आजवर लाकूड म्हनत आलो. तुमच्या सुनंचं गाठवताना खोटं बोलून हात लावनार न्हाय."

 होणारी सून आक्काकडं बघत होती, पापणी न लववता. आमच्या मालकांच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला, "वैनी, हे काय बोललासा?" आक्का त्यांच्याकडं वळली नाही. माळ्याकडं मात्र एकदा बघितलं तिनं. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी वाटलं, उठून पडद्याला काडी लावावी.

पद्माक्का उठली. मांडीवरची डबी न उघडताच गादीवर ठेवली. ती पायऱ्यांपर्यंत गेली, एक पाय चपलेत घातला. बाहेर ऊन भिंतीवर चढलं होतं. तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग आकाशाकडं बघितलं. ड्रायव्हर गाडीचं दार उघडून तयारीत उभा होता. आम्ही सगळे कन्नड ऐकायच्या तयारीनं बसलो होतो.

पद्माक्का मराठीत म्हणाली, "गाडी सावलीत नेऊन लाव जा रं. आनि घरी फोन कर. म्हनावं, आज माझं ताट करू नका."